एका पेटीत दोन साप ठेवावेत का? कोपरखैरण्याच्या छोट्या घरासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरण्यात वन रूम किचन. 4 × 2 × 2 फुटांच्या लाकडी पेटीत 1100 ग्रॅम वजनाची बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान बिनविषारी अजगर) मादी आहे. मित्राची बदली झाली, त्यामुळे त्याचा साधारण 700 ग्रॅमचा नर मिळतोय. पुढेमागे एक कॉर्न स्नेकही घ्यायचा विचार आहे. घर लहान, पेटी मात्र मोठी. दुकानदाराच्या मते "दोघं एकमेकांवर निवांत पडून राहतात, छान जमतं त्यांचं". मग एकाच पेटीत ठेवले तर चालेल का?

नाही चालणार. नराला स्वतःची पेटी हवी आणि पहिले तीन महिने त्याला मादीपासून शक्य तितकं लांब ठेवायला हवं. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन तर एका पेटीत कधीच नकोत. जागेची अडचण खरी आहे, पण ती दोन साप एकत्र न ठेवताही सुटते. ते पुढे सांगतो. आधी ते "छान जमतं" म्हणजे नक्की काय, ते बघू.

सापाला अंगची ऊब नसते. खाल्लेलं पचवायला, कात नीट टाकायला, आजाराशी झगडायला त्याला बाहेरची ऊब लागते. बॉल पायथनच्या पेटीत 31-32 अंशांची एक गरम बाजू आणि 26-27 अंशांची एक थंड बाजू ठेवतात. पेटी चार फुटी असली तरी पसंतीची गरम, अंधारी, अंगाला घट्ट बसणारी जागा त्यात एकच असते. दोन्ही सापांना तीच हवी असते, म्हणून ते एकावर एक वेटोळं करून बसतात. खालच्याला मॅटची, म्हणजे तळाशी लावलेल्या विजेवर तापणाऱ्या चटईची, ऊब मिळते, वरच्याला खालच्याच्या अंगातून येईल तेवढीच. ही माया नाही, जागेसाठीची ओढाताण आहे. कुत्री गुरगुरतात, मांजरं फिस्कारतात, म्हणून त्यांची भांडणं दिसतात. साप दुसऱ्याला आवाज न करता हटवतो: त्याच्या अंगावर जाऊन पडतो, लपायच्या जागेच्या तोंडाशी बसतो, बस्स. हटलेला साप थंड बाजूला किंवा पाण्याच्या भांड्यात जाऊन राहतो, कमी खातो, कात तुकड्यातुकड्याने टाकतो. दोन-तीन महिन्यांत वजन घसरतं आणि मालकाला वाटतं, हा जरा नखरेलच आहे.

दोन गरम लपणं, म्हणजे लपायच्या जागा, ठेवली तर? थोडा फरक पडतो, प्रश्न मिटत नाही. कारण पुढची अडचण उबेची नाही, माहितीची आहे, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. सापाच्या तब्येतीबद्दल आपल्याला कळतं ते चार-पाच गोष्टींवरूनच: किती खाल्लं, विष्ठा कशी झाली, भक्ष्य ओकलं का, कात अखंड निघाली का, वजन किती. सकाळी पेटी उघडल्यावर कोपऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर पडलेला दिसला आणि आत साप दोन असले, तर ओकला कोण? पातळ, दुर्गंधी विष्ठा कुणाची? एकटा असता तर त्याच दिवशी नमुना डबीत घालून डॉक्टरकडे गेला असतात. दोघांत मात्र "बघू पुढच्या वेळी" म्हणत महिना जातो, आणि सापाच्या आजारात तो महिना फार मोलाचा असतो.

खाऊ घालताना धोका सगळ्यात उघड असतो. उंदराचा वास आला की साप दृष्टीपेक्षा वासावर आणि उबेवर चालतो. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खड्ड्यांना ऊब जाणवते. दोघांनी एकाच उंदराची दोन टोकं धरली तर दोघंही गिळत पुढे सरकतात आणि जबडे भिडल्यावर मोठा साप लहान्यालाही गिळू लागतो. एकेकाला बाहेर काढून वेगळ्या डब्यात खाऊ घालतो, असं काहीजण सांगतात. यात दोन अडचणी आहेत. भरल्या पोटी साप हाताळला तर तो ओकू शकतो. खाल्ल्यावर 48 तास त्याला हात लावायचा नसतो. शिवाय पेटीत परत ठेवलेल्या सापाच्या तोंडाला आणि अंगाला उंदराचा वास राहिलेला असतो, आणि दुसरा साप त्या वासावरच झडप घालतो.

तुमच्या बाबतीत नर-मादीचा प्रश्नही आहे. बॉल पायथनचे नर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बरेचदा खाणं सोडतात. एकटा नर महिनाभर जेवला नाही आणि वजन टिकून असलं, तर घाबरायचं कारण नसतं. तोच मादीसोबत असला तर त्याचं न खाणं ऋतूमुळे, दबावामुळे की आजारामुळे, हे सांगता येत नाही. मादी 1100 ग्रॅमची, म्हणजे अंडी धरण्याइतकी जेमतेम मोठी. बहुतेक जाणकार तिला 1500 ग्रॅम आणि तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नराजवळ जाऊ देत नाहीत. लहान वयात धरलेली अंडी आत अडकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते, प्रसंगी मादी दगावते. शिवाय मादी नराचं बीज शरीरात महिनोन् महिने साठवू शकते. म्हणजे "आठच दिवस एकत्र होते" असं म्हणून सुटका नाही. दोघंही नरच निघाले तरी एकत्र ठेवू नका, विणीच्या काळात नर एकमेकांशी झुंजतात. आणि नर-मादी ही ओळखही अनेकदा नुसत्या अंदाजाने सांगितलेली असते. सराव असलेल्या डॉक्टरकडून प्रोब (बारीक सळई) घालून खात्री करून घ्या, घरी प्रयोग नको.

आता आजार. यावर जरा थांबतो, कारण एकत्र ठेवण्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

सापाच्या माइट्स, म्हणजे त्याचं रक्त पिणारे गोचिडासारखे परजीवी, मिलिमीटरभर, काळ्या, मोहरीहून बारीक असतात. हनुवटीखालच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला, ओठांवरच्या खड्ड्यांत त्या बसतात. अंडी मात्र सापावर घालत नाहीत. पेटीच्या सांध्यांत, लाकडाच्या भेगांत घालतात. अंड्यापासून वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून नुसता साप धुऊन काही होत नाही. पेटी आणि साप दोघांवरचे उपचार निदान सहा आठवडे चालवावे लागतात. औषध आणि मात्रा सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडूनच घ्या. कुत्र्यांच्या गोचिडांचा स्प्रे सापावर मारू नका.

माइट्स दिसतात तरी. बाकीचे रोग आत लपून येतात. इन्क्लूजन बॉडी डिसीज हा रेप्टअरेनाव्हायरसमुळे होतो. बोआ तो वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय अंगात बाळगू शकतो, पायथन मात्र मान वेडीवाकडी होणं, तोल जाणं अशा लक्षणांनी लवकर संपतो. त्यावर उपचार नाही. निडोव्हायरसमुळे पायथनांना श्वसनाचा त्रास होतो: तोंडात चिकट बुळबुळ, नाकाशी फेस, मान वर करून तोंड उघडून घेतलेला श्वास. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जठरात शिरला की साप वारंवार ओकतो आणि अंगाच्या मध्यावर कायमची सूज दिसते. यावरही खात्रीचा इलाज नाही, आणि ब्लीचने तो मरत नाही. मित्राचा नर आज गोजिरवाणा दिसत असेल, तो खरंच निरोगीही असेल. पण दिसण्यावरून ते ठरत नाही.

म्हणून क्वारंटाइन. किमान 90 दिवस. साप बोआ असता तर सहा महिने म्हटलं असतं. पेटी साधी ठेवा: झाकणाला कुलूपबंद क्लिप असलेला, बाजूंना सोल्डरिंग गनने 4-5 मिलिमीटरची भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. 700 ग्रॅमच्या सापाला साधारण 80 × 45 सेंटिमीटर तळ पुरतो. खाली पांढरा किचन पेपर अंथरा, कोकोपीट किंवा भुसा नको. पांढऱ्या कागदावर काळा ठिपका चालताना लगेच दिसतो. दोन लपणं, एक जड पाण्याचं भांडं. पाणी रोज बदलताना तळाशी बघा, बुडालेल्या माइट्स तिथे मिरीच्या पुडीसारख्या दिसतात.

आल्या दिवशी वजन करा आणि सहा-सात दिवस हात लावू नका. मग पहिलं खाणं, नेहमीपेक्षा जरा लहान. वजन दर आठवड्याला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या किचनच्या काट्यावर. तारखेसह वहीत लिहा. विष्ठेची तपासणी तीनदा: साधारण तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या आठवड्यात. एकाच तपासणीत परजीवी हमखास सापडतातच असं नाही. विषाणूंसाठी पीसीआर तपासणी करायची का, हे डॉक्टरला विचारा. वजन 10 टक्क्यांनी घटलं, किंवा एकदाही ओकला, तर 90 दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

वन रूम किचनमध्ये दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथे साप नको. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. बाथरूम दमट, बंद बाल्कनी उन्हात भट्टीसारखी तापते. म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे हे तीन महिने नर मित्राच्याच एखाद्या नातेवाइकाकडे राहू द्या, सोय तुम्ही करा. तेही जमत नसेल तर त्याच खोलीत, समोरासमोरच्या भिंतींशी ठेवा आणि क्रम पाळा: रोज आधी मादीचं काम, मग नराचं, उलट कधीच नाही. दोघांचे चिमटे, भांडी, कापड वेगळे. नराचं काम झाल्यावर साबणाने हात कोपरापर्यंत धुवा आणि शर्ट बदला. माइट्स बाहीवर बसून खोली ओलांडतात.

सफाईसाठी घरचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग. आधी घाण धुऊन काढा, मग मिश्रण दहा मिनिटं राहू द्या, भरपूर पाण्याने धुवा, वास पूर्ण गेल्यावरच साप आत. आपल्याकडे फरशीला सर्रास वापरतात ते काळं फिनेल पेटीच्या आसपासही नको. त्यातली फिनॉलची द्रव्यं सापाला विषारी असतात. डांबराच्या गोळ्याही नकोत. सोसायटीत झुरळांची फवारणी ठरली असेल तर त्या दिवशी साप दुसऱ्या घरी न्या.

कॉर्न स्नेकचं थोडक्यात. तो अमेरिकेचा, बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. कॉर्न स्नेकला गरम बाजू 29-30, थंड बाजू 22-25 आणि आर्द्रता 40-55 टक्के पुरते. बॉल पायथनला 55-65. एकाला मानवणारी हवा दुसऱ्याला बाधते, आणि एका खंडातल्या सापाला न बाधणारा जंतू दुसऱ्याला मारू शकतो. कॉर्न स्नेकने आपल्याच जातीचा लहान साप गिळल्याची उदाहरणं आहेत. किंग स्नेक तर रानातही दुसरे साप खातो. त्याच्यासोबत कुठलाच साप ठेवायचा नाही, त्याच्याच जातीचासुद्धा.

मग व्हिडिओत एकत्र दिसणारे साप? त्यातले बरेच गार्टर स्नेक असतात. गार्टर स्नेक थंडीत हजारोंनी एकत्र राहतात, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्वेकडच्या गार्टर स्नेकची पिल्लं ठराविक जोडीदारांजवळ पुन्हा पुन्हा जाताना दिसली. ती सवय त्यांची आहे, पायथनची नाही. आणि गार्टर स्नेकसुद्धा खाताना वेगळे करावेच लागतात. मासोळीच्या दोन टोकांवरून त्यांच्यातही तेच गिळागिळीचं होतं.

आता जागा. खोलीत चार फूट बाय दोन फूट, म्हणजे आठ चौरस फूट जमीन तुम्ही दिलेलीच आहे. त्याच आठ चौरस फुटांवर दोन पेट्या एकावर एक बसतात. बॉल पायथन जमिनीवरचा साप, त्याला 45 सेंटिमीटर उंची पुरते. तळाला 30 सेंटिमीटरचा ओटा आणि वर 45-45 च्या दोन पेट्या म्हटलं तर लाकडाच्या जाडीसह एकूण उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे खिडकीच्या मध्यापर्यंत. ओट्यातल्या पोकळीत चिमटे, कागद, काटा ठेवता येतो. कॉर्न स्नेक चढतो, त्याच्या पेटीला 60 सेंटिमीटर उंची द्या आणि ती सगळ्यात खाली बसवा. उष्ण हवा वर जाते, एकावर एक रचलेल्या पेट्यांत वरची नेहमी एक-दोन अंश जास्त तापते, आणि थंडावा आवडणाऱ्याला खालचा मजला बरा. चुकून उलटं झालं तर मेमध्ये कॉर्न स्नेक थंड बाजू शोधत राहील आणि ती सापडणार नाही.

सुताराला 18 मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय किंवा पीव्हीसी फोम बोर्ड सांगा. एमडीएफ नको, नवी मुंबईच्या पहिल्याच पावसाळ्यात तो कडांनी फुगतो आणि फुगलेल्या सांध्यांत माइट्सना घरं मिळतात. आतले सगळे सांधे ॲक्वेरियम सिलिकॉनने बंद करा आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, साप आत सोडू नका. हवेची भोकं एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर ठेवा, म्हणजे हवा आरपार खेळते. पुढे 5 मिलिमीटरची सरकती काच आणि शोकेसचं कुलूप.

प्रत्येक पेटीला स्वतंत्र थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) लागतो. एका थर्मोस्टॅटवर दोन मॅट जोडल्या की एका पेटीचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, दोघांचा कारभार करतो. त्या पेटीवर पंख्याचा वारा आला की दुसरी भाजून निघते. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागात, प्रोब मॅट आणि तळ यांच्यामध्ये, टेपने पक्का. साप प्रोब उचकटू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा इन्फ्रारेड थर्मामीटरने पृष्ठभाग मोजा. एप्रिल-मेमध्ये खोलीच 33 अंशांवर गेली की मॅट आपोआप बंद राहील. तेव्हा खरी काळजी थंड बाजूची. थंड बाजूही 32 च्या वर राहू लागली तर पेटीच्या त्या बाजूला बाहेरून पंखा लावा, गार पाण्याचं मोठं भांडं ठेवा. पावसाळ्यात आर्द्रता वाढवायची गरज बहुधा पडतच नाही, उलट अंथरूण ओलं राहिलं की पोटाचे खवले तपकिरी होऊन सोलतात. जून ते सप्टेंबर कागद दर दोन-तीन दिवसांनी बदला, ओला दिसला तर त्याच दिवशी.

मधे काच घालून एकाच पेटीचे दोन भाग करावेत का, हा प्रश्न पुढे येईलच. दोन × दोन फूट मोठ्या बॉल पायथनला अपुरे पडतात, फटीतून माइट्स जातात आणि वासाने दोघंही बेचैन राहतात. दोन-चार दिवसांची तात्पुरती सोय म्हणून ठीक.

ज्यांनी आधीच एकत्र ठेवलेत त्यांनी आजच वेगळे करा, पण घाई करू नका. कुणी 48 तासांच्या आत खाल्लं असेल तर तेवढं थांबा. त्या काळात पेटीत दुसरं लपण तरी ठेवा. जो जास्त खातो, जास्त वजनदार आहे त्याला नव्या पेटीत हलवा. दबलेल्याला ओळखीच्या जागेतच राहू द्या, कारण नव्या जागेचा ताण सोसायची ताकद त्याच्यात कमी असते. दोघांचं वजन लिहा, पाच-सात दिवसांनी लहान खाणं द्या. वेगळं झाल्यावर तीन-चार आठवड्यांत दबलेला साप गरम बाजूला उघड बसू लागला तर कारण तेच होतं. नाही बसला तर डॉक्टर. दोघं एकमेकांच्या सहवासात राहिलेत, म्हणून दोघांवरही 90 दिवस नजर ठेवा.

कागदपत्रांचं विसरू नका. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा असतो. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवायचं असतं. मित्राकडे नोंदणी आहे का, हे साप आणण्याआधी विचारा आणि हस्तांतरण कागदावर करून घ्या. आपल्याकडचे साप, धामण असो, मांडूळ असो की अजगर, घरात ठेवणं हा गुन्हाच आहे. बिनविषारी आहे म्हणून सूट नाही. सोसायटीत असा साप निघाला तर वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवायचं.

आणि कुलूप खरंच लावा. बॉल पायथनच्या अंगावरचे गडद पट्टे आणि ठिपके जिन्यातल्या अंधारात घोणसीसारखे दिसतात. पेटीतून निसटलेला साप शेजाऱ्यांच्या हाती लागला तर तो कुठल्या जातीचा हे विचारायला कुणी थांबत नाही. त्याचे वरून आणि बाजूने काढलेले स्पष्ट फोटो, नोंदणीची प्रत आणि तुमचा नंबर सोसायटीच्या ऑफिसात आणि वॉचमनकडे आधीच देऊन ठेवा. पेटीवरही जातीचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि "बिनविषारी" असं लिहून चिकटवा.